गाय व्याल्यानंतरचे पहिले शंभर दिवस : वार, ताप, माज आणि पुन्हा गाभ

“गाय माजावरच येत नाही” किंवा “चार वेळा भरवली, दर वेळी उलटते” (म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येते) ही तक्रार घेऊन पशुपालक दवाखान्यात येतो, तेव्हा गाय व्याल्याला बहुधा चार-पाच महिने होऊन गेलेले असतात. बिघाड मात्र फार आधीचा असतो. कुठे वार (वासरानंतर पडणारी झिल्ली) अडकली होती, कुठे ताप अंगावर काढला होता, कुठे पिशवीत, म्हणजे गर्भाशयात, पू राहून गेला होता, तर कुठे गाय व्यायच्या आधीच खंगलेली होती. पाचव्या महिन्यात इंजेक्शनांवर पैसे घालण्यापेक्षा पहिल्या दहा दिवसांत रोज पाच मिनिटं गाईकडे नीट पाहणं कितीतरी स्वस्त पडतं. नव्याने गोठा सुरू करणाऱ्यांनी हे आधी मनावर घ्यावं, म्हणून हा लेख दिवसांच्या क्रमाने लिहिला आहे.

आधी थोडं गणित. गाय साधारण २८० दिवस गाभण असते. वर्षाला एक वेत हवं असेल तर ३६५ मधून २८० वजा जाता हाती ८५ दिवस राहतात. त्यातले पहिले ४०-४५ दिवस पिशवी पूर्ववत व्हायला लागतात. म्हणजे गाय भरवायला जेमतेम दोन माज मिळतात. भरपूर दूध देणाऱ्या संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईत दोन वेतांतलं अंतर १३-१४ महिन्यांवर गेलं तरी फारसं बिघडत नाही. ते दीड वर्षावर गेलं, की मात्र दूध आटलेल्या गाईला नुसतं पोसत बसावं लागतं. आणि माज ओळखू न येता निघून गेला, की पुढचा माज येईपर्यंतचा, म्हणजे दर वेळी २१ दिवसांचा चारा-खुराक वाया जातो.

दोन वस्तू आजच आणून ठेवा : एक थर्मामीटर आणि एक वही. वहीत प्रत्येक गाईला स्वतंत्र पान द्या. वर तिच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, खाली व्याल्याची तारीख आणि वेळ. पुढचं सगळं या पानावर येत जाईल.

पायरी १ : व्यायच्या आधीचे साठ दिवस

सातवा महिना भरला की दूध आटवून गाय भाकड करा. कासेला आणि शरीराला साठ दिवसांची विश्रांती मिळायलाच हवी. “अजून चार लिटर देतेय” म्हणून शेवटपर्यंत पिळत राहिलं, तर ते चार लिटर पुढच्या वेतात व्याजासकट वसूल होतात.

शेवटचे तीन आठवडे सर्वांत नाजूक. या दिवसांत दोन चुका सर्रास होतात. पहिली चूक कॅल्शियमची. व्यायच्या आधी ताकद यावी म्हणून कॅल्शियमच्या बाटल्या पाजतात, लसूणघास भरपूर घालतात. शरीराला बाहेरून आयतं कॅल्शियम मिळत राहिलं, की हाडांतलं कॅल्शियम रक्तात काढण्याची यंत्रणा सुस्त पडते. गाय व्याली, चीक सुरू झाला, की कॅल्शियमची मागणी एकदम वाढते आणि ही सुस्त यंत्रणा कमी पडते. गाय थंड पडते, मान पोटाकडे वळवून बसते, उठत नाही. हा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी यात ताप नसतो, उलट कान गार लागतात. ज्या गाईत हे दिसण्याइतकं तीव्र होत नाही, तिच्यातही पिशवीचे स्नायू नीट आकुंचन पावत नाहीत. मग वार अडकणं, पिशवी बाहेर येणं, नंतर पू होणं ही मालिका सुरू होते. म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत लसूणघास कमी, कडबा किंवा मक्याचा चारा जास्त, आणि खनिज मिश्रण डॉक्टरांना विचारून भाकड गाईसाठीचंच.

दुसरी चूक शरीराच्या ठेवणीची. फार लठ्ठ गाय व्यायला आली की ती व्याल्यावर खात नाही, अंगातली चरबी वितळते, यकृतावर ताण येतो आणि किटोसिस (वितळलेल्या चरबीतून तयार झालेले किटोन रक्तात साठण्याचा आजार) होतो. हाडं दिसणारी गाय व्याली, तर तिच्याकडे माजावर येण्यासाठी शिल्लकच नसते. पाठीमागून बघा : शेवटच्या बरगड्या हलक्या हाताने लागाव्यात, पण डोळ्यांना मोजता येऊ नयेत, शेपटीच्या बुंध्याजवळ खड्डाही नको आणि चरबीचा गोळाही नको.

ऊसपट्ट्यातल्या मंडळींसाठी वेगळं सांगायला हवं. कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर भागात गळिताच्या हंगामात महिनोन्‌महिने उसाचे वाढे हाच चारा असतो. वाढ्यांत ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शरीराला मिळू देत नाही. प्रथिनंही त्यात कमी. वाढे घालायचेच असतील तर निम्म्याहून कमी ठेवा, जोडीला दुसरा चारा आणि रोजचं खनिज मिश्रण चुकवू नका.

पायरी २ : विण्याची वेळ

जागा कोरडी, स्वच्छ, मोकळी असावी. खाली वाळलेलं तण किंवा पालापाचोळा असावा. शेणामुताच्या कोब्यावर गाय व्यायला बसवू नका. पाणमोट फुटल्यावर गाय कळा देते आहे, पण दोन तासांत वासराचे पाय-तोंड पुढे सरकत नाही, किंवा एकच पाय दिसतो, किंवा शेपटी आधी दिसते, तर लगेच डॉक्टर. चार माणसांनी दोर लावून ओढाओढ केली तर पिशवीचं तोंड फाटतं, त्या जखमेतून जंतू जातात आणि ती गाय पुढे कायमची वांझ राहू शकते. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन स्वतःच्या मनाने कधीही देऊ नका. पिशवीचं तोंड उघडलेलं नसताना ते दिलं तर पिशवी फाटण्याचा धोका असतो.

व्याल्यावर अर्ध्या तासात वासराला चीक पाजा आणि गाईलाही पिळायला घ्या. “वार पडल्याशिवाय धार काढायची नाही” असं अनेक गावांत मानतात. ते उलट आहे. कासेला तोंड किंवा हात लागला की गाईच्या शरीरातच ऑक्सिटोसिन तयार होतं आणि पिशवी आकसायला मदत होते. वार पडायची वाट बघत वासराला उपाशी ठेवणं हे तर दोघांवरही अन्याय करणारं आहे.

मायांग किंवा पिशवी बाहेर आली तर

व्यायच्या आधी बसल्यावर लालसर गोळा दिसतो आणि उठल्यावर आत जातो, ते मायांग. अशा गाईचा पुढचा भाग थोडा उताराला, मागचा उंचावर राहील असं बांधा, एका वेळी पोट तुडुंब भरेल इतका चारा न देता थोडा थोडा द्या, आणि डॉक्टरांना दाखवा.

व्याल्यावर काही तासांत अख्खी पिशवी उलटून बाहेर आली, तर मात्र एक मिनिटही थांबू नका. गाईला हलवू नका, पळू देऊ नका. स्वच्छ गार पाण्याने गोळा धुवा, ओल्या स्वच्छ चादरीत गुंडाळा, वर उचलून धरा, कुत्रे-कावळे जवळ येऊ देऊ नका. आत ढकलण्याचा प्रयत्न घरी करू नये. आतली मोठी रक्तवाहिनी तुटली की गाय तिथेच जाते. खासगी डॉक्टर मिळत नसतील तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची गाडी मागवता येते. हा क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

पायरी ३ : वार

वार पडली की वेळ वहीत लिहा. बहुतेक गाईंत ती आठ तासांच्या आत पडते. बारा तास उलटले तर वार अडकली असं समजा.

वार का अडकते, हे समजून घेतलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात. गाईची वार पिशवीच्या आतल्या शंभरेक गाठींना बटणासारखी बसलेली असते. वासरू जन्मल्यावर ही बटणं सोडवण्याचं काम गाईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी करतात. वार आता परकी झाली आहे हे त्या ओळखतात आणि तो सांधा सैल करतात. म्हणजे वार पडणं ही प्रतिकारशक्तीचीही गोष्ट आहे. भाकड काळात जीवनसत्त्व ई, सेलेनियम, तांबं, जस्त कमी पडलं, गाय व्यायच्या आधी खाईनाशी झाली, उन्हाने बेजार झाली, तर या पेशी दुबळ्या पडतात. जुळं झालं, वासरू ओढून काढावं लागलं, दिवस भरायच्या आत गाय व्याली किंवा कॅल्शियम घसरलं, तरीही वार अडकते.

आता काय करू नये ते आधी. लोंबणाऱ्या वारेला वीट, दगड किंवा जुनी चप्पल बांधणं आजही सर्रास दिसतं. कृपा करून हे थांबवा. वजनाने वार तुटते, आतला तुकडा आतच राहतो, कधी पिशवीच बाहेर ओढली जाते. दुसरं म्हणजे “डॉक्टर, हात घालून वार काढाच” असा आग्रह. पूर्वी ती पद्धत रूढ होती. पण एकेक बटण ओढून सोडवताना पिशवीच्या अस्तराला जखमा होतात, हाताबरोबर जंतू आत जातात, आणि अशा गाईला ताप आणि पू होण्याचं प्रमाण वाढतं असं दिसून आलं आहे. डॉक्टर हात न घालता परत जात असतील तर ते काम टाळताहेत असं समजू नका. ते योग्य तेच करत आहेत.

काय करायचं : लोंबणारा भाग मागच्या पायांना आणि शेणाला घासत असेल तर डॉक्टरांकडून तो कापून छोटा करून घ्या. शेपटी, मांड्या आणि निरण (योनीचा बाहेरचा भाग) रोज कोमट पाण्याने, त्यात पोटॅशियम परमँगनेट फिकट गुलाबी होईल इतकंच घालून, बाहेरून धुवा. रोज सकाळी ताप मोजा. गाय खाते आहे, रवंथ करते आहे, ताप नाही, तर बऱ्याचदा वार चार ते दहा दिवसांत कुजून आपोआप गळून पडते. वास येईल, घाबरू नका. ताप आला किंवा खाणं सुटलं की प्रतिजैविकाचं इंजेक्शन लागतं, ते डॉक्टर ठरवतील. बांबूचा पाला, गूळ, बाजरीची घुगरी, शेपा हे घरचे खुराक द्यायला हरकत नाही. गाय आवडीने खाते आणि ताकद येते. पण पाला खाऊ घातला म्हणून थर्मामीटर बाजूला ठेवायचं, असं होऊ नये.

पडलेली वार गाईला खाऊ देऊ नका, कुत्र्यांना ओढून नेऊ देऊ नका. हातमोजे घालून उचला, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. याचं कारण पुढे ब्रुसेलोसिसच्या भागात येईल.

पायरी ४ : पहिले दहा दिवस

वार वेळेवर पडली तरी ही पायरी प्रत्येक गाईसाठी आहे. रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, थर्मामीटर गुदद्वारात आतल्या कडेला टेकवून दोन मिनिटं धरा. निरोगी गाईचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. १०३ च्या वर गेलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. “संध्याकाळपर्यंत बघू” म्हणण्यात गर्भाशयदाह अंगभर पसरतो.

ताप मोजता मोजता स्रावाकडे बघा. व्याल्यावर काही दिवस लालसर-तपकिरी, घट्टसर स्राव येणं स्वाभाविक आहे. पिशवी स्वतःला साफ करत असते. व्याल्या दिवशी पिशवीचं वजन नऊ किलोच्या घरात असतं आणि महिन्याभरात ते एक किलोवर येतं. इतकी आवराआवर चालली असताना काहीच बाहेर आलं नाही तर उलट काळजी करावी. दिवसागणिक स्राव कमी होत जातो आणि दोन आठवड्यांनंतर जवळपास थांबतो किंवा स्वच्छ होतो. तो पाण्यासारखा पातळ, चॉकलेटी-लाल असेल आणि सडल्याचा उग्र वास येत असेल, तर तो गर्भाशयदाह. सोबत ताप, दूध घटणं, डोळे खोल जाणं. व्याल्यापासून तीन आठवड्यांत, त्यातही पहिल्या दहा दिवसांत तो गाठतो. रात्री गाय बसते तेव्हा स्राव बाहेर पडतो, म्हणून सकाळी शेण काढायच्या आधी तिच्या मागची जमीन बघण्याची सवय लावा.

औषधं चालू असताना आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत ते दूध डेअरीत घालू नका, घरातही वापरू नका. पिशवीत गोळ्या ठेवून घेण्याचा हट्टही नको. त्यांची गरज आहे का, हे गाय तपासल्यावर कळतं.

याच दिवसांत खुराक हळूहळू वाढवा. व्याल्याच्या दुसऱ्या दिवशी पाटीभर पेंड ओतली तर पोटात आम्ल वाढतं आणि गाय सगळंच सोडते. रोज अर्धा किलोच्या टप्प्याने चढवत न्या. नंतर शरीरासाठी एक-दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, हे ढोबळ माप धरा. गाय पेंड नाकारते पण कडबा चघळते, झपाट्याने वाळते, तोंडाला गोडसर वेगळाच वास येतो, ही किटोसिसची लक्षणं. तो लघवीच्या साध्या पट्टीवर तपासता येतो. बाटलीने कॅल्शियम किंवा गुळाचं पाणी पाजताना मान फार उंच धरू नका. ठसका लागून औषध फुप्फुसात गेलं तर गाय न्यूमोनियाने जाते. बसलेल्या, गार पडलेल्या गाईला तोंडाने काहीच पाजू नका. तिला शिरेतून कॅल्शियम लागतं आणि ते हृदयावर लक्ष ठेवून सावकाश द्यावं लागतं. ते काम डॉक्टरांचंच.

पायरी ५ : तिसरा आठवडा ते दीड महिना

या काळात गाय दुधावर येते आणि सगळ्यांचं लक्ष बादलीकडे लागतं. पिशवीकडे कुणी बघत नाही. तीन आठवड्यांनंतर शेपटीला, निरणीला पांढरा-पिवळा पू दिसला, किंवा स्वच्छ सोटात (माजाच्या चिकट स्रावात) पांढऱ्या गुठळ्या दिसल्या, तर आतल्या अस्तराला सूज आहे. यात ताप नसतो, गाय खाते, दूध देते, म्हणून ते राहून जातं. वार अडकलेल्या, ताप आलेल्या, जुळं दिलेल्या गाई ३० ते ४० दिवसांच्या दरम्यान डॉक्टरांकडून तपासून घ्याच. तेव्हा मिळालेली एक तपासणी पुढचे तीन महिने वाचवते.

गाईने पहिला माज कधी दाखवायचा? चांगल्या तब्येतीच्या गाईत व्याल्यापासून १५ ते ३० दिवसांत पहिलं स्त्रीबीज सुटतं, पण तो माज बऱ्याचदा मुका, म्हणजे बाहेरून खुणा न दाखवणारा असतो. दिसला तर भरवू नका, मात्र तारीख लिहा. त्या तारखेत २१ मिळवत गेलात की पुढचे माज कधी पाहायचे ते आधीच कळतं.

पायरी ६ : माज पाहणं

माझ्या मते “गाय माजावर येत नाही” यातल्या कितीतरी गाई माजावर येतात, पण कुणी पाहिलेलं नसतं. संकरित गाईत, विशेषतः जास्त दुधाच्या गाईत, माजाचा जोर काही तासच टिकतो आणि तो बहुधा रात्री किंवा पहाटे असतो. दावणीला चोवीस तास बांधलेल्या गाईने दुसरीवर चढायचं कसं? मुक्त संचार गोठा असेल तर उत्तम. नसेल तर सकाळ-संध्याकाळ अर्धा तास गाई मोकळ्या सोडा आणि तिथे उभे राहा, मोबाइल खिशात ठेवून. पहाटे धारेच्या आधी, संध्याकाळी, आणि झोपण्यापूर्वी एकदा, अशा तीन वेळा.

सर्वांत खात्रीची खूण म्हणजे दुसरी गाय अंगावर चढली तरी शांत उभी राहणं. बाकीच्या खुणा जोडीच्या : हंबरणं, अस्वस्थपणा, वारंवार थोडी थोडी लघवी, निरण लालसर आणि फुगलेली, काचेसारखा लांब लोंबणारा सोट किंवा बळस, दूध आणि खाणं त्या दिवसापुरतं कमी. शेपटीला रक्ताचे डाग दिसले तर माज एक-दोन दिवसांपूर्वी होऊन गेला. तेव्हा भरवून उपयोग नाही. तारीख लिहा आणि १७-१८ दिवसांनंतर डोळ्यांत तेल घालून पाहा.

मार्च ते जूनमध्ये, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, गाई उन्हाने माज दाखवतच नाहीत आणि भरवल्या तरी गर्भ टिकत नाही. सावली, पंखा, अंगावर पाण्याचे फवारे, दिवसभर थंड पाणी आणि चारा पहाटे-रात्री, एवढं केलं तरी फरक पडतो. म्हशी पाळणाऱ्यांनी मुका माज गृहीतच धरावा.

दोन महिने उलटले तरी काहीच दिसत नसेल तर गाय तपासून घ्या. कारणं अगदी वेगवेगळी निघतात. गाय वाळलेली असते आणि बीजांडं (अंडाशय) शांत, गुळगुळीत. तिला आधी खुराक, जंताचं औषध आणि खनिज मिश्रण लागतं. खिलार, देवणी, लाल कंधारी अशा देशी गाईत वासरू दिवसभर पीत राहिल्यानेही माज लांबतो. पिशवीत पू साठून पीतपिंड (स्त्रीबीज सुटल्यावर बीजांडावर तयार होणारी, माज रोखणारी गाठ) तसाच बसून राहतो, म्हणून माज येत नाही. आणि कधी कधी गाय चक्क गाभण असते; चरायला गेलेली असताना गावातल्या वळूने भरवलेली असते. म्हणून तपासल्याशिवाय “माजावर आणायचं इंजेक्शन” घेऊ नका. त्यातलं प्रोस्टाग्लँडिन हे संप्रेरक गाभण गाईला दिलं की गाभ पडतो. घरातल्या गरोदर बाईने किंवा दम्याच्या माणसाने त्या बाटलीला हातही लावू नये, कारण ते कातडीतून अंगात जातं.

सारखा माज दाखवणारी, दर आठ-दहा दिवसांनी चढणारी, शेपटीच्या बुंध्याजवळ खड्डे पडलेली गाय असेल तर बीजांडावर गाठ असण्याचा संभव. तिला प्रत्येक वेळी भरवत बसू नका.

पायरी ७ : भरवणं

व्याल्यापासून साठ दिवस होऊ द्या, मगच पहिलं रेतन. स्त्रीबीज माज संपल्यावर दहा-बारा तासांनी सुटतं. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. माज २४ तासांहून लांब टिकत असेल तर डॉक्टरांना सांगून दुसरं रेतन करून घ्या.

भरवताना सोट बघा. तो पारदर्शक असेल तरच भरवा. गढूळ किंवा पुवासारखा असेल तर तो माज सोडून आधी उपचार. रेतमात्रा (कांडी) उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवनत्रात असते. बाहेर काढल्यावर ३७ अंशाच्या पाण्यात अर्धा मिनिट धरून लगेच वापरावी लागते. कृत्रिम रेतन करणारा खिशात कांडी घालून मोटारसायकलवर आला, तर त्याला परत पाठवायला संकोचू नका. कांडीवरचा वळूचा क्रमांक वहीत उतरवा. भरवल्यावर गाईला सावलीत शांत राहू द्या. ती बसली तर वीर्य बाहेर पडेल ही भीती नको.

पायरी ८ : गाय उलटली तर

इथे वही खरी कामाला येते. भरवल्याची तारीख आणि परत माजावर आल्याची तारीख यांतलं अंतर मोजा.

१८ ते २४ दिवसांनी आली तर चक्र ठीक आहे, पण फळलीच नाही किंवा गर्भ अगदी सुरुवातीला गेला. माज पाहण्याची वेळ, कांडी, रेतन करणाऱ्याचा हात, ऊन, पिशवीतली लपलेली सूज यांकडे बघा. २५ ते ४५ दिवसांनी आली तर बहुधा गर्भ राहिला होता आणि नंतर मेला. संसर्ग, उष्णता, बुरशी आलेला मुरघास किंवा पेंड तपासा. किंवा मधला एक माज तुमच्या नजरेतून सुटला. सात ते सोळा दिवसांत आली तर दोनपैकी एक माज खरा नव्हता, किंवा बीजांडाची गाठ आहे. डॉक्टरांना या तारखा दाखवल्या की त्यांचं अर्धं काम तिथेच होतं.

तीन वेळा नियमित माजावर भरवूनही गाभ राहिला नाही, तर चौथ्यांदा तसंच भरवू नका. सोटाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून कुठलं प्रतिजैविक लागू पडेल ते पाहता येतं. दर वेळी वेगळं औषध पिशवीत सोडण्यापेक्षा ते बरं. संप्रेरकांचा ठरावीक कार्यक्रमही असतो : पहिल्या दिवशी जीएनआरएच (स्त्रीबीज सुटायला लावणारं संप्रेरक), सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, आणखी दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच, आणि त्यानंतर १६ ते २० तासांनी ठरलेल्या वेळी रेतन. चांगल्या तब्येतीच्या गाईत तो उपयोगी पडतो. हाडं दिसणाऱ्या गाईवर तो खर्च करू नये. ते पैसे दोन महिने तिच्या गव्हाणीत घाला.

ब्रुसेलोसिस

सहाव्या महिन्यानंतर गाभ टाकणं, पाठोपाठ वार अडकणं, आणि हे एकाहून जास्त गाईंत होणं, ही ब्रुसेलोसिसची शंका घेण्याची वेळ. हा आजार माणसाला होतो. वारेत, स्रावात, कच्च्या दुधात जंतू असतात. माणसाला आठवडेच्या आठवडे ताप येत-जात राहतो, सांधे धरतात. टाकलेल्या गर्भाला उघड्या हाताने शिवू नका, गाय वेगळी बांधा, रक्त तपासून घ्या, दूध उकळूनच प्या. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आयुष्यात एकदाच याची लस द्यायची असते. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती सरकारतर्फे दिली जाते. गाभण गाईंना ती देत नाहीत, म्हणून कालवडीचं वय निघून जाऊ देऊ नका. बाहेरून गाय विकत आणताना तिची तपासणी करूनच आणा. आणि गावातल्या वळूकडे गाय नेण्याची सवय असेल तर ती सोडा.

पायरी ९ : गाभ तपासणी

माज परत आला नाही म्हणजे गाय गाभण, असं धरून चालू नका. सोनोग्राफीची सोय असेल तर ३० दिवसांच्या आसपास, नाहीतर हाताने ६० दिवसांनी तपासा. रिकामी निघाली तर निदान लवकर कळलं. गाभण निघाली तरी तीन महिन्यांनंतर एकदा पुन्हा हात घालून घ्या, कारण मधल्या काळात काही गर्भ जातात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मग वहीत दोन तारखा लिहा : भरवल्यापासून २२० दिवसांची, गाय भाकड करायची, आणि २६० दिवसांची, तिला विण्याच्या स्वच्छ जागेत वेगळं बांधायची.